वस्तादांची गिनती

कोल्हापुरात जन्मून, कोल्हापुरात वाढून ज्यानं आयुष्यात एकदाही "काय हुत न्हाय!" म्हटलं नाही, असा एकच माणूस मला भेटला. बाकी आम्ही सगळे याच तीन शब्दांवर जगतो. गॅसची नळी चिरली, काय हुत न्हाय. स्कूटरवर चौघं, काय हुत न्हाय. पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलंय, घाल गाडी, काय हुत न्हाय. हे शब्द त्या एका माणसाच्या कानावर पडले की ते हातातलं काम थांबवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "कोण म्हणालं?" वर्गात शिट्टी वाजल्यावर मास्तर विचारतात, अगदी तसं. म्हणणारा सापडला की पुढचा प्रश्न ठरलेला. "वरनं पडून बघितलायस काय कधी?"

आम्ही त्यांना वस्ताद म्हणायचो. तालमीतले वस्ताद नव्हेत. घराणं शिंप्याचं, शहरातल्या जुन्या मुसलमान गल्लीतलं. वडील शेरवान्या शिवायचे, हे फौजेत गेले आणि तिथं सैनिकांच्या हवाई छत्र्या तपासून, घडी घालून बांधायच्या खात्यात सगळी नोकरी काढून परत आले. शिरोळच्या वाटेवर, उसाच्या फडांच्या मधोमध एक जुनी खासगी धावपट्टी आहे. तिथं एका मालकानं हौशी लोकांना विमानातून उड्या मारायला न्यायचा उद्योग काढला. लग्नसमारंभात आणि कुस्तीच्या मैदानात माइक हातात धरून माझी पोटापाण्याची सोय चालली होती, म्हणून मालकानं मला धरलं. कामं दोन. आलेल्या लोकांपुढं बडबड करायची आणि विमानाशी वायरलेसवर बोलायचं. वस्तादांना मात्र मालकानं धरलं नव्हतं. सरकारी परवान्यात अटच होती की राखीव छत्री बांधणारा मान्यताप्राप्त माणूस हवा, आणि तो माणूस जवळपास दुसरा नव्हता.

राखीव म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. उडी मारणाऱ्याच्या पाठीवरच्या पिशवीत दोन छत्र्या असतात. एक नेहमीची. ती उघडली नाही तर दुसरी, राखीव. ही दुसरी कुणालाही बांधता येत नाही. वापरा नाहीतर वापरू नका, सहा महिने झाले की ती सोडायची, बोट बोट तपासायची, पुन्हा बांधायची, आणि शेवटी लाल दोऱ्यावर शिशाचा मणी चेपून त्यावर बांधणाऱ्याचा शिक्का उठवायचा. वस्तादांचा शिक्का एका पकडीवर कोरलेला होता. ती पकड ते खिशात, रुमालात गुंडाळून ठेवायचे. त्यांच्या शिक्क्याची छत्री ज्यांना ज्यांना लागली, त्या प्रत्येकाची उघडली होती. हा माणूस दुसरी कुठलीही गोष्ट मिरवत नसे.

बांधून झाली की त्या गाठोड्यावर थाप मारून म्हणायचे, "झोप बाळा. झोपूनच राहा."

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो. त्यांनी चष्मा वर केला. "निवेदक, हिला जाग आली तर कुणाचं तरी काहीतरी बिघडलंय. समजलं?"

मला ते कायम 'निवेदक' म्हणत. शिवी दिल्यासारखं.

त्यांच्या शिस्तीचे किस्से मी आजवर शंभर ठिकाणी सांगितलेत आणि दर वेळी थोडं तिखटमीठ लावलंय. इथं नाही लावत. रिकाम्या रस्त्यावर स्कूटर वळवताना ते दिवाही लावायचे आणि हातही दाखवायचे. माझ्या पुतणीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी आचाऱ्याकडं जाऊन त्यांनी गॅसच्या टाक्या मांडवापासून लांब हलवायला लावल्या. वऱ्हाड उपाशी, आचारी संतापलेला, आणि हे शांतपणे नळीवर साबणाचं पाणी लावून फुगे बघतायत. धावपट्टीवर आम्ही वारा बघायचो तो पलीकडच्या गुऱ्हाळाच्या धुरावरनं. धूर सरळ वर चाललाय ना, मग चला. वस्तादांनी ते एकदा पाहिलं आणि मालकाला म्हणाले, "काकवी करायची असंल तर धूर बघा. माणूस टाकायचा असंल तर ते वाऱ्याचं मीटर हाय की भिंतीवर, त्याच्याकडं बघा."

एकदा हुपरीचा एक पैलवान आला. मैदान मारलेला, छाती दरवाजाएवढी. वस्ताद उठून उभे राहिले, मान दिला आणि मग म्हणाले, "या, काट्यावर या." काटा नियमाच्या रेघेच्या पुढं गेला.

"वस्ताद, थोडं इकडंतिकडं हुतंय की," पैलवान लाडात आला.

"कागदावर मी करीन रं इकडंतिकडं. पर वर गेल्यावर ती छत्री कुणाला इचारणार? तिला वाचता येत न्हाय."

पैलवान आला तसा गेला. जाताना वस्तादांच्या पाया पडला. मालक मात्र दिवसभर दात खात होता.

धावपट्टीवरच्या फळ्यावर वस्तादांनी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहून ठेवली होती: उडी सुरू करायला तिघांच्या सह्या. थांबवायला एकाचा शब्द. "एकाचा म्हणजे कुणाचा?" मी विचारलं होतं. "कुणाचाबी. चहाच्या मावशीनं थांबा म्हटलं तरी थांबायचं. कारण मागनं इचारायचं." ही ओळ लक्षात ठेवा.

आता त्यांची हत्यारं. छत्री बांधताना लागायची ती सात. लांब पिना, आकडे, एक चपटी पट्टी, एक दोरी ओढायची कांडी. एका लाल कपड्यावर ती ओळीनं मांडलेली, मुठी आपल्याकडं. काम सुरू करण्याआधी सात, आणि छत्री बंद करून शिक्का उठवायच्या आधी पुन्हा सात. कारण साधं आहे. बांधताना छत्रीच्या फासात एक लांब पिन तात्पुरती खुपसतात आणि शेवटी काढून घेतात. ती आत राहिली तर बाहेरून काही दिसत नाही. पिशवी सुबक, शिक्का जागेवर. फक्त गरज पडेल तेव्हा छत्री उघडत नाही. म्हणून त्या पिनेला लाल फितीची लांब शेपटी लावायची पद्धत आहे, आणि म्हणून गिनती. वस्ताद ती मोठ्यानं करायचे. एक, दो, तीन, असं फौजी हिंदीत, प्रत्येक मुठीला बोट लावत. सात झालं की क्षणभर थांबून स्वतःलाच सांगायचे, "परत." आणि परत मोजायचे. मग वहीत आकडा लिहायचे.

माझ्यासारख्या माणसाला हे बघवत नाही. रोज तेच नाटक, तोच शेवट. मला वाटायचं, एकदा तरी यात गंमत व्हावी.

त्या आठवड्यात विमान खात्याचे तपासनीस यायचे होते. परवान्याची मुदत संपत आली होती आणि त्यांच्या अहवालावर सगळं अवलंबून. आदल्या दिवशी वस्तादांनी तीन राखीव छत्र्या बांधायला घेतल्या. मी चहा घेऊन गेलो, एक माझा, एक त्यांचा. त्यांचा बिनसाखरेचा, डॉक्टरनं बंद केलेली. त्यामुळं त्यांच्या टेबलावर चमचा यायचं काही कारणच नव्हतं. तिसरी छत्री बंद होत आली होती, वस्ताद गुडघ्यानं दाब देऊन तिच्यावर बसले होते, पाठ माझ्याकडं. मी माझ्या कपातला चमचा पुसला आणि त्यांच्या हत्यारांच्या ओळीत सरकवून दिला. दांडी त्यांच्याकडं, खोलगट टोक कपड्याच्या घडीखाली.

मला काय हवं होतं? आठ! त्यांनी "आठ?" म्हणून ओरडावं, चष्मा कपाळावर चढवावा, "कोण मेला इथं आलता?" म्हणून मला शिव्या द्याव्यात. ते सगळं मी दुसऱ्या दिवशी चहाच्या मावशीला करून दाखवणार होतो. आवाजसुद्धा ठरवून ठेवला होता.

वस्ताद टेबलाशी आले. बोट लावत मोजलं. सात. "परत." पुन्हा सात. वहीत लिहिलं, मण्यावर पकड दाबली, "झोप बाळा" म्हणाले आणि नमाजासाठी हात धुवायला गेले.

माझा विनोद पडला, एवढंच मला कळलं. वाटलं, म्हाताऱ्यानं चमचा पाहिला आणि मला किंमत न देता मुद्दाम सोडून मोजलं. रागारागानं मी तो उचलला आणि त्याच चमच्यानं गार झालेला चहा ढवळून प्यायलो.

दुसऱ्या दिवशी तपासनीस सांगितल्या वेळेच्या दोन तास आधीच हजर झाले. पन्नाशीचे, बारीक, कमी बोलणारे. मालकानं हार काढला, तो त्यांनी खुर्चीवर ठेवायला लावला. वस्तादांना सकाळपासून कागदपत्रं दाखवायला बसवलं होतं, त्यामुळं त्यांची हत्यारांची पेटी उघडायची राहिली. तोवर विमान वर गेलंसुद्धा. त्यात तीन पिशव्या, आदल्या दिवशी बांधलेल्या. दोन प्रशिक्षक आणि एक कॅमेरावाला. आणि पहिल्या प्रशिक्षकाच्या छातीशी पट्ट्यांनी बांधलेल्या, गारगोटीच्या एका शाळेतल्या बाई. त्यांचे सगळे सहकारी शिक्षक खाली सतरंजी टाकून बसलेले, वर बघून माना दुखवून घेत. दुसऱ्या प्रशिक्षकाबरोबर बाईंचाच भाऊ.

"तुमची हत्यारांची नोंद कशी असते, ते दाखवता?" तपासनीस म्हणाले.

वस्ताद खुलले. हे त्यांचं मैदान. लाल कपडा पसरला, हत्यारं मांडली आणि मोजायला सुरुवात केली. मी शेजारच्याच टेबलावर वायरलेस घेऊन बसलो होतो.

"...पाँच, छे."

बोट कपड्यावर पुढं सरकलं. तिथं काही नव्हतं.

"परत," वस्ताद म्हणाले.

सहा.

मालक झटकन म्हणाला, "पडलं असंल की टेबलाखाली. व्हय वस्ताद? काल दमलाता तुम्ही." तपासनीस खरंच खाली वाकून बघायला लागले. वस्ताद वाकले नाहीत. त्यांनी वही ओढली, आदल्या दिवशीच्या पानावर हात ठेवला आणि माझ्याकडं तोंड करून विचारलं, "निवेदक, विमान कुठं हाय?"

"नऊ हजारावर. दार उघडायला दोनतीन मिनिटं."

"थांबीव."

"आवो, आधी शोधूया की!" मालकाचा आवाज चिरका झाला. "साहेबांच्या म्होरं तुम्ही... एक पिन न्हाय म्हणून... काय हुत न्हाय वस्ताद!"

या वेळी वस्तादांनी चष्मा वर केला नाही.

आणि मी? माझ्या डोळ्यांसमोर चमचा आला. काल सातात एक चमचा होता. म्हणजे कालच सहा होती. म्हणजे ती पिन टेबलाखाली नव्हती, घरी नव्हती. ती वर होती, नऊ हजार फुटांवर, तिघांपैकी कुणाच्या तरी पाठीवर. मी बटण दाबलं.

"उडी नको. दार बंद ठेवा. सगळे खाली या."

"हळू उतरायला सांग," वस्ताद म्हणाले. "घाईनं खाली आलं तर पाठीवरचं यंत्र समजतंय माणूस पडाय लागलाय. ते आपलं आपण छत्री सोडाय बघंल. विमानात." अशा वेळीसुद्धा त्यांना तो नियम आठवत होता.

विमान हळूहळू उतरलं. शाळेच्या बाई तणतणत बाहेर आल्या. "अहो, मी किती हिय्या करून बसले होते! आता परत कोण चढणार?" वस्तादांनी हात जोडले आणि त्यांच्या प्रशिक्षकाच्या पाठीवरची पिशवी आधी मागितली.

शिक्का तोडला. पिशवीचे फ्लॅप, म्हणजे वरच्या झडपा, एकामागून एक उघडले. तिसऱ्या फ्लॅपखाली, फासात आरपार, ती पिन होती. मागं शेपटी नव्हती.

बाईंनी ती हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली. "एवढीशी?" म्हणाल्या आणि सतरंजीवर जाऊन बसल्या.

"शेपटी कुठंय हिची?" तपासनीसांनी विचारलं.

"तुटलीय. आठवडा झाला. शिवायची राहिली."

आठवडाभर मी त्यांना सुईदोरा घेऊन बसलेलं पाहत होतो. दोरा ओला करायचे, सुईजवळ न्यायचे, मग दोन्ही ठेवून द्यायचे. मला वाटायचं कंटाळा. शिंप्याच्या घरातल्या माणसाला सुईत दोरा ओवता येत नाही, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

"आणि सहा असताना सात कसे मोजले?"

"माझी बोटं चुकली," वस्ताद म्हणाले.

मी उभा राहिलो. चमच्याची सगळी हकिगत सांगितली. आयुष्यात सांगितलेली माझी सगळ्यात वाईट गोष्ट. ना आवाज, ना हावभाव. वस्ताद शांतपणे म्हणाले, "साहेब, चमचा ठेवला ह्यानं. सात म्हणालो मी. शिक्का माझा हाय."

तपासनीसांनी नियमांचं जाड पुस्तक त्यांच्यापुढं केलं. "हत्यारांच्या नोंदीचा नियम वाचता का?" वस्तादांनी पान उघडलं आणि घडाघडा म्हणून दाखवला, शब्दन् शब्द. तपासनीसांनी दहाबारा पानं एकदम उलटली आणि मधल्याच एका तळटीपेवर बोट ठेवलं. "आता हे वाचा."

वस्तादांनी पुस्तक लांब धरलं. मग जवळ. मग उजेडाकडं. पुस्तक मिटून त्यांनी टेबलावर ठेवलं.

एवढ्या माणसांत कुणालाच कळलं नव्हतं, कारण त्यांना सगळंच पाठ होतं. साखरेनं डोळे आतून पोखरले होते. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी घरीसुद्धा अर्धंच सांगितलं होतं. ते हाताच्या स्पर्शावर छत्र्या बांधत होते, आणि त्या पिनेपर्यंत बांधलेल्या सगळ्या बरोबर. मुठीला बोट लावून मोजत होते ते शिस्त म्हणून नव्हे. हजारांना नियम पाळायला लावणाऱ्या या माणसानं एकच नियम मोडला होता, स्वतःच्या डोळ्यांच्या तपासणीचा. का मोडला ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तो शिक्का गेल्यावर ते कोण उरणार होते, हे मीही त्यांना विचारलं नाही.

त्यांनी खिशातून रुमाल काढला, सोडला आणि पकड तपासनीसांसमोर ठेवली. तपासनीस म्हणाले, "अहो, चौकशी होईल, उपचार होतील, मग पाहू. आत्ता कशाला?" वस्ताद म्हणाले, "चौकशी मी केली. तुम्ही लिहा."

पण लिहायला मलाच बसवलं. नोंदवहीत चूक, कारण, उपाय असे तीन रकाने असतात. चूक त्यांनी सांगितली, माझी आणि त्यांची, दोन्ही. उपायाच्या रकान्यात म्हणाले, "लिही. इथनं म्होरं गिनती दोघांनी करायची. एक बांधणारा. दुसरा चमचेवाला."

"वस्ताद, सरकारी वहीत चमचेवाला कसं लिहू?"

"मग नाव घाल की तुझं."

घातलं. आज तिथं तेच आहे. परवाना उशिरा आला, पण आला, आणि त्या ओळीला तपासनीसांनी अट म्हणून खाली सही केली.

नवी रिगर, म्हणजे छत्री बांधणारी, आली, पुण्याकडची, हुशार मुलगी. ती मोजते, मग मी मोजतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला.

"किती?"

"सात, वस्ताद."

"परत."

मी दोन क्षण थांबून पुन्हा सात म्हणालो. पलीकडून आवाज आला, "हत्यारं वाजली न्हाईत. मोजलं न्हाईस."

तेव्हापासून रोज काम संपल्यावर मीच फोन लावायचो. फोन कपड्याजवळ ठेवून, एकेक उचलून, वाजवून. मी सात म्हणायचो, ते परत म्हणायचे. दुसऱ्या वेळी सात झालं की फोन बंद. खुशाली नाही, हवापाणी नाही. एकदाच त्यांनी विचारलं, "त्या गारगोटीच्या बाई आल्या काय?" आल्या होत्या. उडी मारली, उसाच्या बांधावर उतरल्या आणि पिन बघायला मागितली. हे सगळं मी वस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, "हूं. परत."

पुढं दोन हंगाम असेच गेले. मग त्यांचा आवाज खोल गेला, मग किडनीचं निघालं, मग फोन त्यांची मुलगी उचलून त्यांच्या कानाला लावायला लागली.

एका संध्याकाळी नेहमीसारखा कपडा पसरला, रिगर मुलीचं मोजून झालं, मी मोजलं आणि फोन लावला. वस्तादांच्या मुलीनं उचलला. मागं घर भरल्याचा आवाज येत होता.

"अब्बा गेले," ती म्हणाली. "दुपारीच."

मला काही बोलायला हवं होतं. बोलणं हाच माझा धंदा. पण त्या वेळी तोंडात रोजचा एकच शब्द तयार होता आणि तोच बाहेर पडला.

"सात."

पलीकडं कुणीतरी रडत होतं. ती फोन ठेवेल असं वाटलं. पण ती म्हणाली, "अब्बांनी सांगून ठेवलंय मला. तुमचा फोन आला की काय म्हणायचं ते."

"काय?"

"परत."

मी फोन कपड्याशेजारी ठेवला, आवाज नीट जाईल असा, आणि पहिली पिन उचलली.